जाडीचे सात भाग

हा दिवाळी अंक तुम्ही विकत घेतला असेल तर तुमचं कौतुक. पण वाचनालयाच्या दिवाळी अंक योजनेतून घरी आणला असेल, कव्हरावर आमच्यासारख्या कुणाचा तरी शिक्का असेल आणि तुमच्या मागे नंबर लावून बसलेल्या माणसाचा फोन येऊन गेला असेल, तर तुम्ही आमचे. संपादकांना हे आवडणार नाही, पण ज्यांनी मला लिहायला सांगितलं त्यांनी मी कोण होतो याची चौकशी करायला हवी होती. पाचोऱ्याच्या एका जुन्या वाचनालयात मी ग्रंथपाल होतो. लोकांनी पुस्तकं विकत न घेता वाचावीत यासाठीच मला पगार मिळत होता, तोही वेळेवर मिळाला असं नाही.

बाहेरच्यांचा एक गैरसमज आधी दूर करतो. ग्रंथपाल दिवसभर वाचत बसतो असं लोकांना वाटतं. "मजा आहे बुवा तुमची, पुस्तकातच असता." मिठाईच्या दुकानातला माणूस जसा दिवसभर पेढे खात नाही, तसंच हे. आमचं काम म्हणजे आलेलं पुस्तक उलटंसुलटं करून पाहायचं, पान दुमडलंय का, भाजीचा डाग पडलाय का, शेवटचं पान आहे का, आणि ज्याने बोटाला थुंकी लावून पानं उलटली त्याच्याकडे रोखून बघायचं. माझं हे बघणं गावात प्रसिद्ध होतं. पुस्तक परत करताना काही बायका ते काउंटरवर ठेवून मागे न बघता जिना उतरायच्या.

पुस्तकं महाग झाली, असं मी नोकरीला लागलो तेव्हाही लोक म्हणत होते आणि निवृत्त झालो तेव्हाही म्हणत होते. दोन्ही वेळा ते खरंच होतं. म्हणून एका कार्डावर अख्खं घर वाचायचं. सासूने नेलेली कादंबरी सून दुपारी वाचायची, सुनेची नणंद संध्याकाळी, आणि परत करायला यायचा तो सासरा, ज्याने स्वतःही ती चोरून वाचलेली असायची. मी कधी अडवलं नाही. काटकसर असावी तर अशी, जिच्यात कुणाचं काही कमी होत नाही.

पण काही पुस्तकांपुढे ही काटकसरही हात टेकायची. आमच्याकडे एक कादंबरी होती. नाव सांगत नाही, कारण वाचनालयात तिला कुणी नावाने ओळखतच नव्हतं. सगळे तिला 'जाडी' म्हणायचे. "जाडी आली का?" "जाडी कुणाकडे गेलीय?" ऐकणाऱ्याला वाटावं, कुणाच्या तरी सुनेची चौकशी चाललीय. गोष्ट साधी होती. गिरणाकाठच्या एका गावात दोन भाऊ. धाकटा भांडून घर सोडून जातो आणि थोरला वर्षानुवर्षं आपल्याबरोबर त्याच्या वाटणीचं शेतही पेरत राहतो. तो परत येतो की नाही, या एका प्रश्नावर लेखकाने हजारावर पानं लिहिली होती. प्रत एकच. छापणारं प्रकाशन कधीच बंद झालेलं. जो नेई तो दोन-दोन महिने परत आणत नसे, आणि त्याचा तरी काय दोष. नंबर लावणाऱ्यांत एक आजोबा होते, त्यांचा नंबर लागेपर्यंत त्यांच्या नातवाचं लग्न झालं.

या जाडीचं कोडं सोडवलं ते नानांनी. नाना म्हणजे आमच्या बाजार समितीतले जुने मापाडी. आयुष्यभर कापूस नि धान्य तोललं, पाठीवर पोती घेतली. निवृत्तीनंतर रोज सकाळी वाचनालय उघडायच्या आधी पायरीवर बसलेले असायचे. पेपरच्या टेबलावर त्यांचं राज्य होतं. आमच्याकडे पेपर वाचायची एक पद्धत होती, आजही आहे. पेपर आला की नाना त्याची पानं सुटी करायचे. पहिलं पान एकाला, खेळाचं दुसऱ्याला, बाजारभावाचं तिसऱ्याला, निधनवार्तांचं चौथ्याला. वाचून झालं की पान डावीकडच्याला द्यायचं. एका पेपरात अख्खं टेबल वाचायचं आणि कुणी ताटकळत नसे. जो पान धरून बसे, त्याच्याकडे नाना बघत. बघण्यात ते माझ्याही वरचढ होते.

पुढे नानांची बोटं आखडली. मग छातीचं दुखणं लागलं, जिना चढणं बंद झालं. त्यांचा मुलगा सुनील पुस्तकं नेऊ लागला. एकदा जाडीचा नंबर नानांचा आला, म्हणून मी स्वतः घेऊन गेलो. नाना खाटेवर पडलेले. मी पुस्तक त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते धरलं आणि पुस्तक छातीवर आलं. ज्या माणसाने हयातभर क्विंटल हलवले, त्याला एक कादंबरी पेलवेना. त्यांनी ती बाजूला ठेवली आणि हसले.

"भाऊ, हाई पुस्तक शे का वजन शे?"

मी काहीतरी बोलून वेळ मारून नेत होतो, तर ते म्हणाले, "पेपर आठ जण वाटी लेतस. मंग कादंबरी कसाले नही?"

मी जाडी उचलून घरी आलो, जेवलो, आणि पेपरासारखी कादंबरी वाटून घ्यायचं ते वाक्य डोक्यातून जाईना.

दुसऱ्या दिवशी उस्मानभाईंकडे गेलो. उस्मानभाई आमचे बाइंडर. वाचनालयाची निम्मी पुस्तकं त्यांच्या हातून पुन्हा जन्माला आली होती. मी जाडी पुढे ठेवली आणि विचारलं, हिचे भाग होतील का? त्यांनी चष्मा वर केला.

"साहेब, आजवर फाटलेली जोडायला आणली. आज जोडलेली फाडायला आणली?"

मग त्यांनी पाठीची पट्टी सोडवून मला आत दाखवलं. वाचणाऱ्यांना हे ठाऊक नसतं, म्हणून सांगतो. पुस्तक सुट्या पानांचं नसतं. सोळा-सोळा पानांच्या घड्या असतात, त्यांना फर्मे म्हणतात. फर्मे एकमेकांवर ठेवून पाठीमागून शिवायचे, पाठीला खळ लावायची, वर पुठ्ठा. म्हणजे दोन फर्म्यांच्या मधून दोरा कापला तर एकही पान न फाटता पुस्तकाचे तुकडे होतात. उस्मानभाईंनी जाडीचे सात भाग केले. प्रत्येकाला पुठ्ठा, कापडी पाठ, आणि आपली ती गव्हाच्या पिठाची घरी शिजवलेली खळ. बाजारातला गोंद त्यांना चालत नसे. "गोंद पान कडक करतो. खळ लावलेलं पुस्तक हातात नरम राहतं," असं त्यांचं म्हणणं.

आमच्या अध्यक्षांनी सात पुठ्ठे बघितले आणि कपाळावर हात मारला. ग्रंथपालाने पुस्तक फाडलं हे बाहेर कळलं तर काय, असं ते म्हणाले. मी म्हटलं, बाहेर कळलं तर जाडीसाठी भांडणारे सात जण एकाच वेळी वाचताना दिसतील. त्यांनी पुठ्ठे माझ्याकडे सरकवले, पण पुढे कितीतरी दिवस माझ्या हातात कात्री दिसली की त्यांना अस्वस्थ व्हायचं.

असा तो खेळ सुरू झाला. पहिला भाग वाचून झाला की मागच्याला द्यायचा आणि आपण दुसरा घ्यायचा. वाचक एकामागे एक असे निघाले, बैलगाड्या निघतात तसे. पुढचा थांबला की मागचे सगळे थांबायचे. गंमत म्हणजे ज्या माणसांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं, ती एकमेकांना फोन करू लागली. "तिसरा झाला का हो? मी दोन दिवस नुसती बसलेय."

आपण सावकाश वाचतो म्हणून नानांनी या रांगेत स्वतःहून तिघांना पुढे घातलं होतं. सर्वांत पुढे कुसुमअक्का, निवृत्त शाळामास्तरीण. वाचनाचा वेग असा की मागच्यांना त्यांचा हेवा वाटायचा. त्यांच्या मागे प्रकाशभाऊ, एसटीत कंडक्टर. अरुंद रुळांवरची छोटी आगगाडी बंद पडल्यापासून पाचोरा-पहूर फेऱ्यांना गर्दी असायची आणि प्रकाशभाऊंची ड्यूटी बहुतेक त्याच मार्गावर. गाडी डेपोत थांबली की ते मागच्या सीटवर पुस्तक उघडत. आणि तिसरी मंदा. मंदा मूळची पाचोऱ्याची, दिली होती पहूरला. तिथे तिची पिठाची गिरणी आहे. लग्न झालं तेव्हा ती मला म्हणाली होती, "भाऊ, माहेरचं बाकी सगळं सोडलं, कार्ड नाही सोडणार." तिची पुस्तकं प्रकाशभाऊ बसमधून न्यायचे नि आणायचे. गिरणी चालू असली की आवाजात कुणाशी बोलता येत नाही, म्हणून ती वाचायची. तिने परत केलेलं पुस्तक ओळखायला नाव बघावं लागत नसे. उघडलं की पानांच्या मधून पीठ सांडायचं. मी ते काउंटरवर झटकायचो आणि रोखून बघायला समोर कुणी नसल्यामुळे प्रकाशभाऊंकडे बघायचो.

मंदाच्या मागे नाना. सहा भाग त्यांनी वाचून काढले. हलके भाग त्यांच्या बोटांना झेपायचे. मी जाई तेव्हा ते गोष्टीबद्दलच बोलायचे. थोरल्याने यंदाही धाकट्याच्या वाट्यात पेरलं, म्हणायचे. आपल्याच गल्लीतली बातमी सांगावी तसं.

आणि मग दुखणं वाढलं. नाशिकच्या डॉक्टरांनी बायपास सांगितला, तोही लवकर. सुनीलने गाडी ठरवली. वय बघता घरचे सगळे धास्तावलेले. नाना मात्र एकाच गोष्टीवर अडून बसले. सातवा भाग.

"वाची लेवू द्या, मंग काय चिरनं ते चिरा," असं त्यांनी सुनीलला सांगितलं. वर मला निरोप, "तो धाकला येई का नही, तेवढं तरी सांग."

मला काय माहीत? मी जाडी वाचलेली नव्हती. मी सांगितलंच की ग्रंथपाल वाचत नाही. निवृत्तीनंतर वाचायची पुस्तकं मी मनात बाजूला ठेवत गेलो होतो, त्यात तीही होती.

सातवा भाग मंदाकडे होता. फोन केला, उचलला नाही. पुन्हा केला, तिच्या नवऱ्याने उचलला आणि ती दळणात आहे म्हणाला. प्रकाशभाऊंना विचारलं तर म्हणाले, "देते देते म्हणते, पण गिरणीतून बाहेर येत नाही. असं कधी केलं नाही तिने." नाना निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मंदा स्वतः आली. फडक्यात बांधलेलं गाठोडं तिने काउंटरवर ठेवलं आणि उभी राहिली.

मी गाठ सोडली. सातव्या भागाची पाठ कुरतडलेली होती. पुठ्ठ्याचा चुरा झालेला आणि शेवटचा फर्मा गेलेला. तिथे उंदरांनी घरट्यासाठी केलेली कागदाची बारीक कात्रणं उरली होती. मंदाने तीही आणली होती.

"भाऊ, मले काई सुधरेना," ती म्हणाली. "गिरणीत उंदीर हायेत हे मले मालूम होतं. पोती वर ठेवते, पीठ झाकते. पुस्तकाले कोण खाईल, असं वाटलं. दोनदा वाचून झालं होतं. पुन्हा शेवट वाचायचा होता म्हणून ठेवलं. नानांना उद्या न्यायचं हे काल कळलं."

पुस्तकाला कोण खाईल? उस्मानभाईंची गव्हाची खळ आणि मंदाच्या गिरणीतलं पीठ, दोन्ही एकत्र आल्यावर उंदरांना दुसरं काय हवं होतं. गोंदाने चिकटवलं असतं तर कदाचित वाचलं असतं. हा अपघात आमच्याच मुलखात घडू शकतो. चूक कुणाची म्हणायची, हे मला आजही ठरवता येत नाही.

मंदाने पिशवीतून कार्ड काढलं आणि गाठोड्याशेजारी ठेवलं. "हे ठेवा," म्हणाली. "मी आता नेणार नाही." मी काही बोलायच्या आत ती बाकावर जाऊन बसली आणि पदराने तोंड झाकून रडू लागली. माझ्या बघण्याला घाबरणाऱ्या बायका मी पुष्कळ पाहिल्या, पण ही बाई मला घाबरली नव्हती. एक म्हातारा माणूस उद्या ऑपरेशनला चाललाय आणि त्याला हवा असलेला शेवट आपल्या घरात उंदरांनी खाल्ला, हे तिला सोसवत नव्हतं. मी कार्ड उचलून खणात ठेवलं.

मी फोन लावायला घेतले. जळगावच्या वाचनालयात जाडी नव्हती. धुळ्याच्या एका वाचनालयात प्रत होती. तिथले ग्रंथपाल माझ्या ओळखीचे. म्हटलं, शेवटच्या सोळा पानांचे फोनवर फोटो पाठवा. ते म्हणाले, पाठवले असते, पण पुस्तक वाचकाकडे आहे आणि वाचक मुलीकडे सुरतला गेलाय. मी सुरतचा नंबर घेतला. तिथून उत्तर आलं की पुस्तक धुळ्याच्या घरी कुलपात आहे.

तोवर प्रकाशभाऊ ड्यूटी संपवून आले आणि कुसुमअक्काही पुस्तक बदलायला आल्या. मी दोघांना प्रकार सांगितला. अक्कांनी मंदाकडे पाहिलं, गाठोड्यातली कात्रणं पाहिली आणि शाळेतल्यासारख्या म्हणाल्या, "रडणं बंद कर आधी. आपण तिघांनी शेवट वाचलाय ना? मग पुस्तक कशाला पाहिजे? चला नानांकडे."

संध्याकाळी आम्ही चौघं नानांच्या घरी गेलो. बॅग भरून दाराशी ठेवलेली. सुनेने चहा केला. मंदा उंबऱ्यापाशीच थांबली होती. मी नानांना उंदरांचं सांगितलं. ते छताकडे बघत राहिले आणि मला वाटलं, आपण न आलो असतो तर बरं झालं असतं. मग त्यांनी हाताने खूण केली, बोला.

अक्कांनी सुरुवात केली. धाकटा परत येतो, त्या म्हणाल्या. एकटा नाही, मुलाला घेऊन. थोरला काहीच बोलत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पोराचा हात धरतो आणि त्याला शाळेत नाव घालायला घेऊन जातो. "तिथे मला हुंदका आला होता," अक्का म्हणाल्या.

प्रकाशभाऊ खुर्चीत चुळबुळ करत होते. "अक्का, माफ करा, पण पोरगा कुठे आहे त्यात? शेवट फाट्यावर होतो. थोरला शेतात असतो. संध्याकाळची गाडी येते. एरवी कधी न थांबणारी गाडी त्या दिवशी थांबते आणि एक माणूस उतरतो. तोंड दिसत नाही. कंडक्टर वरून त्याची वळकटी खाली देतो. संपलं."

"कंडक्टर होता का त्यात?" अक्कांनी विचारलं.

"गाडी आहे म्हटल्यावर कंडक्टर असणारच ना."

उंबऱ्यातून मंदा बोलली. आवाज बसलेला होता. "नाही हो. थोरल्याची बायको दळायले बसते. घरात माणसं दोन, अन् ती तिघांचं दळते. थोरला विचारतो, इतकं कशाले? ती म्हणते, आज लागेल. अन् बाहेर कडी वाजते."

मग तिघांचं जे जुंपलं, ते मी आयुष्यभर विसरणार नाही. अक्का म्हणाल्या, कडी सहाव्या भागात वाजते. प्रकाशभाऊ म्हणाले, दळण तर पहिल्याच भागात आहे. मंदा उंबरा ओलांडून आत आली आणि म्हणाली, "मी दोनदा वाचलंय." सून चहा विसरून दारात उभी. सुनील, ज्याने पाठ्यपुस्तकानंतर पुस्तक उघडलं नव्हतं, तो मध्येच म्हणाला, "पण तिघांतही तो येतोच ना?" यावर तिघांनीही माना डोलावल्या. तेवढं मात्र खरं होतं.

नाना उशीला टेकून बसले होते. त्यांनी दोन्ही हात पुढे केले आणि तराजूची पारडी जोखतात तसे खालीवर केले, एकदा अक्कांकडे बघून, एकदा प्रकाशभाऊंकडे, एकदा मंदाकडे. आखडलेल्या बोटांचे ते हात बघून मला बाजार समितीतले नाना आठवले.

"तिन्ही जण खरं बोली ऱ्हायनात," ते म्हणाले. मग सुनीलला म्हणाले, "चाल आते. मी तीन शेवट ली चालनू. एखादा तं खरा व्हई."

सकाळी गाडी गेली. ऑपरेशनच्या दिवशी वाचनालयात पेपरची पानं कुणी वाटली नाहीत. माणसं टेबलाभोवती नुसती बसून होती आणि फोन वाजला की माझ्याकडे बघत होती. दुपारनंतर सुनीलचा फोन आला. व्यवस्थित झालं म्हणाला. भूल उतरल्यावर नर्सने नाव विचारलं तर नाना तिलाच विचारत होते, गाडी थांबनी का? ती बिचारी घाबरून डॉक्टरांकडे गेली.

नाना घरी आले, हळूहळू बसू लागले. मंदाचं कार्ड माझ्या खणात तसंच पडलेलं होतं. प्रकाशभाऊ दर फेरीला तिला विचारायचे आणि ती मान हलवायची. गिरणीत ती आता वाचत नाही, नुसती बसलेली असते, असं त्यांनी सांगितलं. मला ते फार लागलं. आमच्या वाचनालयाने कितीतरी पुस्तकं गमावली. पावसात गेली, बदली होऊन जाणाऱ्यांच्या ट्रंकेत गेली, ती पुन्हा घेता येतात. चांगला वाचक असा घरी बसला की दुसरा कुठून आणणार?

अखेर सुरतचा पाहुणा धुळ्याला परतला आणि शेवटच्या फर्म्याच्या झेरॉक्स प्रती पोस्टाने माझ्या हातात पडल्या. उस्मानभाईंनी त्या सातव्या भागाला जोडल्या, आणि या वेळी मुकाट्याने बाजारातला गोंद वापरला. भाग नानांकडे न्यायचा होता. पण त्या दुपारी मी काउंटरवरच तो उघडला आणि नोकरीत कधी केलं नव्हतं ते केलं. लोक समोर उभे असताना वाचत बसलो.

त्यात मुलगा नव्हता. शाळा नव्हती. दळण नव्हतं, कडी नव्हती. थोरला धाकट्याच्या वाट्यात पेरणीची पाभर धरून उभा असतो. फाट्यावर गाडी येते आणि थांबते. गाडीच्या मागे धुरळा उठतो. गाडी निघून जाते. थोरला धुरळा खाली बसायची वाट बघत उभा राहतो, आणि पुस्तक तिथे संपतं. कोण उतरलं, कुणी उतरलं की नाही, लेखकाने लिहिलेलंच नव्हतं.

मी वाचनालयातून उठलो तो थेट अक्कांकडे. त्यांनी पान दोनदा वाचलं, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं आणि म्हणाल्या, "ही आवृत्ती वेगळी असेल." प्रकाशभाऊ डेपोत भेटले. त्यांना आनंद झाला, गाडी तरी त्यांची निघाली. वळकटीचं काय, असं विचारल्यावर ते म्हणाले, "धुरळ्यात दिसली नसेल."

मग नानांकडे गेलो. त्यांनी भाग स्वतःच्या हाताने धरला, सावकाश वाचला आणि मिटला. मला वाटलं, निराश होतील. हजारावर पानं वाचायची आणि शेवटी धुरळा. नाना बराच वेळ हसत होते, मग टाक्यांवर हात ठेवून थांबले.

"लेखकनी दार उघडं ठेवं," ते म्हणाले, "नि ह्या बठ्ठा मझार चालना गयात."

काय बोलले नाना. दार उघडं दिसलं आणि ही सगळी आत शिरली. मी चाळीस वर्षं पुस्तकं दिली-घेतली आणि शेवटचं पान शाबूत आहे का ते तपासत राहिलो. पान शाबूत असलं म्हणजे शेवट शाबूत, अशी माझी समजूत. एक शिकलेली मास्तरीण, एक कंडक्टर, एक गिरणीवाली, तिघांनी एकच प्रत वाचली आणि तिघांच्या घरी तीन पुस्तकं झाली. वाचनालयाने लोकांचे किती पैसे वाचतात हे आम्ही भाषणांतून सांगत आलो. वाचक त्या एका प्रतीत घरचं किती घालतात, हे आम्ही कधी सांगितलं नाही, कारण आम्हाला ते ठाऊकच नव्हतं. मला या माणसांचा अभिमान वाटतो आणि तो इथे लिहून ठेवतो.

निघताना नानांनी मंदासाठी निरोप दिला. जसाच्या तसा सांगजो, म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी खणातलं कार्ड आणि जाडीचा सातवा भाग पिशवीत घातला आणि प्रकाशभाऊंच्या गाडीने पहूरला गेलो.

गिरणी चालू होती. मंदा पांढऱ्या धुळीत दळणाच्या डब्यांमागे बसलेली. मला बघून उठली. मी ओरडून सांगितलं, तिला ऐकू गेलं नाही. तिने गिरणी बंद केली. पट्टा थांबेपर्यंत आम्ही दोघं तसेच उभे राहिलो. मग मी नानांच्या तोंडचे शब्द नानांच्याच बोलीत तिला सांगितले.

"मंदाले सांगजो, उंदरेसनी काहीच खादं नही."

आणि सातव्या भागाचं शेवटचं पान उघडून तिच्यापुढे धरलं. तिने ते वाचलं. पुन्हा वाचलं. दळणाला आलेल्या बायका डबे धरून थांबल्या होत्या, त्यांच्याकडे तिने पाहिलं, मग माझ्याकडे. हात पदराला नीट पुसले आणि कार्ड मागितलं.